ताईला वाचता येईल अशी वेबसाइट

ताईच्या डोळ्यांत इंजेक्शनं सुरू झाली, तेव्हा तिने मला एकच काम सांगितलं. "बाबांबद्दल लिही. इंटरनेटवर टाक, म्हणजे मला अक्षर हवं तेवढं मोठं करता येईल. आणि लवकर. मी असेपर्यंत नव्हे, मला दिसेपर्यंत." ती शनिवार पेठेत एकटी राहते, मी कोथरूडला. बाबा आठवणारे आता आम्ही दोघंच.

मी निवृत्त इंजिनिअर. करायचं तर नीट, नाहीतर करायचंच नाही, हा आमच्या घरातला जुना रोग. साधा मिक्सर घ्यायचा तरी आम्ही चार दुकानं पालथी घालून घरी तक्ता मांडतो. मग वेबसाइटसाठी कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे लेख लिहायची, लावायची आणि सांभाळायची व्यवस्था, हाताला लागेल ती कशी घ्यायची? मी पाच निवडल्या. एक अगदी सोपी, पण सगळी सूत्रं ती पुरवणाऱ्या कंपनीच्याच हातात. दुसरी आपल्या ताब्यात, पण आठवड्याला अपडेट मागणारी. तिसरीला डेटाबेसच लागत नाही हे वाचून मी दोन दिवस खूश होतो. मग कळलं, की प्रत्येक लेखासाठी काळ्या पडद्यावर कमांड टाइप कराव्या लागतात.

शेवटी दुसरी घेतली. मग थीम, म्हणजे साइटचं रूपडं. अक्षर मोठं केलं की रफार आणि मात्रा वरून कापल्या जायच्या. ते निस्तरण्यात तीन आठवडे गेले, आणि खोटं कशाला बोलू, मजेत गेले. विभाग पाडले: बालपण, नोकरी, स्वभाव, विक्षिप्तपणा. ताईचा फोन यायचा.

"झालं का?"

"होत आलंय."

"वेबसाइट करतोयस की कार्यालय बघतोयस लग्नाचं?"

मी हसून वेळ मारून न्यायचो. लिहायला बसलं की बाबांचा शेवटचा महिना डोळ्यांपुढे यायचा. त्यापेक्षा मेनू वर ठेवावा की बाजूला, हा प्रश्न बरा होता. मी पळ काढतोय हे मला तेव्हाही कळत होतं.

सात महिन्यांनी, एका दुपारी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेलो. तिने मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मी अक्षर वाढवत गेलो. शेवटी पडद्यावर एकच शब्द मावायला लागला.

"मधे नुसता डाग दिसतो रे," ती म्हणाली. "तूच वाच."

साइटवर एकच लेख होता, सिस्टिमबरोबर आपोआप येणारा नमुन्याचा. मी त्याच्याकडे बघत, वाचल्यासारखं करून मनातलंच बोलायला लागलो. बाबांची काळी सायकल, तिची घंटी, ऑफिसला निघायची त्यांची घाई.

"अडखळतोयस," ताई म्हणाली. "लिहिलेलं नाहीये ना काहीच?"

"नाही."

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. त्या सात महिन्यांतले निदान चार महिने तरी तिला वाचता आलं असतं. ती रागावली होती, आणि तो तिचा हक्कच होता. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ आली.

"सायकल हिरवी होती. लिही."

मी नवा लेख उघडला. ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. मधेच तिने विचारलं, "अक्षर केवढं ठेवलंयस?"

"तुझ्यासाठी केलं होतं तेवढंच."

"लहान कर," ती म्हणाली. "वाचणार तूच आहेस."