काशीभाऊंचा खुणेचा रकाना

काशीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच चिडले होते. शनिवार होता, दुपारचे तीन वाजले तरी माणसाचा पत्ता नाही, आणि दर शनिवारी एखादी जुनी ऑर्डर उघडून पाहायची हा नेम त्यांनीच लावलेला! त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा सकाळी गेले... चहा पिता पिता." मी फोन ठेवला आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले.

उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या आमच्या गोदामातून कमरेचे पट्टे, कुबड्या, मापाचे बूट देशभर जातात. जुन्या ऑर्डरींनी कॉम्प्युटर इतका जड झाला होता की नवी ऑर्डर घेताना पडद्यावर नुसतं चक्र फिरत राही. जुन्या ऑर्डरी आवळून वेगळ्या ठेवायचं काम काशीभाऊंकडे आलं. उरणकडच्या मिठागरवाल्या घरातला हा माणूस, कागदी फायली सांभाळता सांभाळता कॉम्प्युटर शिकलेला. पहिल्या खेपेला त्यांनी अख्ख्या वर्षाचं एकच गाठोडं केलं. जागा झकास वाचली, पण एक ऑर्डर हवी झाली आणि सगळं गाठोडं सोडण्यात दिवस गेला. मी सगळ्यांदेखत त्यांना वाट्टेल ते बोलले... आज त्याची लाज वाटते. ते एवढंच म्हणाले, "चुकला माझा, मॅडम. माझा बापूस मिठाची रास पेंढ्यानं झाकायचा, पन एका अंगाला तोंड ठेवायचा. मी तोंडच ठेवला नाय."

मग त्यांनी एकेका दिवसाची छोटी गाठोडी केली आणि कुठली ऑर्डर कशात आहे याची यादी. गाठोडी नीट सुटतात ना हे बघायचा शनिवारचा नेमही तेव्हाचाच. नंबर, नाव, गाव, वस्तू, आणि शेवटी 'खूण' नावाचा रकाना. गिऱ्हाईक फोनवर जे बोले ते काशीभाऊ त्यात स्वतःच्या भाषेत लिहीत. मी म्हटलं, "हा काय पोरखेळ?" तर म्हणाले, "नंबर कोनाला आठवतो, मॅडम? मानूस म्हनतो, गनपतीच्या आधी घेतलेला."

ते गेल्यावर आठवडाभरात वरून साहेबांचा निरोप आला, महिनाअखेर जुनं सगळं पुसून टाका, ते उघडणारा माणूसच राहिला नाही. माझा असा संताप झाला! पण खरं सांगते, आतून मलाही धाकधूक होतीच. त्यांच्याशिवाय मी कधी एकही ऑर्डर काढली नव्हती.

तेवढ्यात खांदा कॉलनीतून एका बाईंचा फोन आला. एक पाय आखूड, उंच तळव्याचा बूट फाटलेला, माप घेणारा कारागीर कुठे गेला ठाऊक नाही, आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदाच नोकरीवर रुजू व्हायचंय. मी ऑर्डर नंबर विचारला.

"नाही हो. फोन नंबर बदलला, लग्नानंतर नाव बदललं. माहेरी, ओवे गावात मागवला होता... माझ्याच हळदीत नाचायचं होतं मला."

मी खुणेच्या रकान्यात 'हळद' शोधलं, गाव ओवे. एकच ओळ आली. 'सोताच्या हळदीत नाचायचा हाय. लवकर पाठवा.' त्या दिवसाचं गाठोडं उघडलं, माप समोर! टेबलावरचा चहा अजून गरम होता. फोन कानाला तसाच धरून मी रडले, बाई बिचाऱ्या "काय झालं, मॅडम?" विचारत राहिल्या.

साहेबांना बोलावून ती ओळ वाचून दाखवली. पुसायचा निरोप त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतला.

आता शनिवारी तीन वाजता मी काशीभाऊंच्या खुर्चीत बसते, एक जुनी ऑर्डर उघडून बघते. मागच्या शनिवारी त्या बाईंची नवी ऑर्डर यादीत घातली. खुणेचा रकाना रिकामा होता. मी लिहिलं, 'नोकरीला जायचा हाय. लवकर पाठवा.'