तळघराच्या जिन्याचं बटण

वायरमन कामात चोख, पण हेकट. तीस वर्षं लोकांच्या भिंती फोडून तारा ओढल्या, तेव्हा विजेतलं आपल्याला कोणी शिकवायचं नाही, असा त्याचा खाक्या. बायको शिवणकाम करायची. म्हातारी आई घरातच असायची. जुनी अंथरुणं तळघरात ठेवलेली, आणि ती उलटीपालटी करायला दिवसातून एकदा तरी खाली उतरल्याशिवाय आईला चैन पडत नसे. जिना अंधारा, भिंतींना ओल. म्हणून त्याने हौसेने तिथे पन्नास वॉटचा एलईडी लावला.

एवढ्या मोठ्या दिव्याला ड्रायव्हर लागतो, म्हणजे ठरलेलाच करंट पुरवणारा डबा. बटण त्याने डबा आणि दिवा यांच्यामधल्या तारेवर बसवलं. ओल्या भिंतीवर मेनची वीज नको, आईला शॉक बसायचा, हा त्याचा विचार. मायेपोटीच केलं बिचाऱ्याने, आणि तिथेच घात झाला.

एका दुपारी सासूबाई वर आल्या असं समजून सुनेने बटण बंद केलं. खालून हाक आली, "अगं, मी जिन्यातच आहे अजून." तिने तेवढ्यात परत दाबलं. दिवा एकदाच लखकन चमकला आणि गेला. दिपलेल्या डोळ्यांनी म्हातारीची पायरी चुकली. खुबा मोडला, आणि अकराव्या दिवशी ती गेली. जाईपर्यंत एकच म्हणत होती, "हिने अंधार केला."

"मी लगेच लावला होता हो," सून सांगून सांगून दमली. पण ऐकतंय कोण? नणंद येईल तेव्हा विचारायची, "किती वेळ अंधार ठेवला होतास गं?" पुढे नणंदेने तिच्याशी बोलणंच टाकलं. नवऱ्याने तर कहर केला. दिवा तपासलासुद्धा नाही. रागाच्या भरात उपटून पत्र्याच्या पेटीत फेकला, तळघरात जुना बल्ब लटकवला आणि बायकोला म्हणाला, "लावला असतास तर लागला असता." त्यानंतर तिने कोणाला काही सांगणं सोडलं.

पाच महिन्यांनी एक कापडदुकानदार कुरकुरत आला. "तुमचा दिवा बंद करून लगेच लावला, की मरतो. हा तिसरा." दुकानातही बटण त्याने घरच्यासारखंच डबा आणि दिव्याच्या मधे बसवलं होतं. वायरमनला ते झोंबलं. दुकानदाराचा ड्रायव्हर त्याने टेबलावर चालू केला, एक नवा दिवा जोडला आणि मीटर लावला. चौतीस व्होल्ट. दिव्याची तार सोडली, तसा आकडा चढत चढत अठ्ठावन्नवर गेला. दिवा सुटला तरी डबा करंट ढकलायला बघतो, आणि वाट मिळत नाही म्हणून व्होल्ट चढवत बसतो. त्याने तार परत टेकवली. साठलेलं सगळं एकदम दिव्यात घुसलं. लखकन चमक, आणि दिवा मेला. मधोमध काळा ठिपका.

त्याने पत्र्याची पेटी उघडली. जिन्यातल्या दिव्यावरही तसाच ठिपका होता. त्याने दोन्ही दिवे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्याने बहिणीला बोलावून घेतलं. दोघींसमोर म्हणाला, "हिने दिवा लावला होता, ताई. माझ्या जोडणीने तो मारला. आईला मी पाडलं." बहीण रडायला लागली. बायकोने हातातला दोरा सुईत ओवला. "हे आईंना कळायला हवं होतं," एवढंच म्हणाली.

मग त्याने जिन्यातला बल्ब काढून नवा एलईडी लावला आणि जोडणी बदलली. बटण ओल्या भिंतीवरून काढून वरच्या कोरड्या खोलीत, ड्रायव्हरच्या आधी, मेनच्या तारेवर घेतलं. डबा आणि दिवा यांच्यामध्ये काहीच ठेवलं नाही. पाच महिने बायको त्या जिन्याकडे फिरकली नव्हती. त्याने तिला बोलावलं. "एकदा दाबून बघ."

ती आली. तिने दिवा बंद केला आणि लगेच परत लावला. जिना शेवटच्या पायरीपर्यंत उजळला. बटणावरचा हात तिने काढला नाही.

"ताई विचारायच्या ना, किती वेळ अंधार ठेवलास," ती म्हणाली. "एवढाच."