हॅलिफॅक्सचं घड्याळ

नीळकंठ दामल्यांनी तेहतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली, म्हणजे उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे लाल खूण करण्यात. निवृत्त होऊन भोपाळच्या अवधपुरीत घर बांधलं, तरी हात शिवशिवतच राहिले. मग मुलगी मधुरा कॅनडात हॅलिफॅक्सला गेली आणि त्यांना नवं हत्यार मिळालं. बैठकीत दुसरं घड्याळ लागलं, साडेनऊ तास मागे. आल्यागेल्याला त्याच्याखाली बसवून ऐकवायचे, "तिकडे दहा म्हणजे दहा. आणि आपलं भोपाळ? 'बस, पाँच मिनट' म्हणणारा अजून आंघोळीलाही गेलेला नसतो!"

यातला बराचसा मारा शेजारच्या गिरीशवर व्हायचा. मूळचा ग्वाल्हेरचा, बँकेत नोकरीला, आणि कायम उशिरा. दामल्यांच्या पत्नी सिंधूकाकूंचा हात मोडला तेव्हा हाच गिरीश अनवाणी धावत आला होता. ते मात्र नीळकंठराव कुणाला सांगत नसत.

मार्चमधल्या एका सोमवारी हॅलिफॅक्सला नात जुईच्या शाळेत, तिकडच्या सकाळी दहाला, मुलं आपापल्या आजी-आजोबांची ओळख करून देणार होती. लांबचे पडद्यावर दिसणार होते. जुई महिनाभर तयारी करत होती. शनिवारी मधुरानं कळवलं, "बाबा, उद्यापासून आमची घड्याळं एक तास पुढे. लक्षात ठेवा."

लक्षात होतं. पटलं नव्हतं. कारखान्यात काटा सरकवणाऱ्याला मेमो मिळायचा. बैठकीतलं दुसरं घड्याळ तसंच राहिलं: तिकडचे दहा म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसात.

"अहो, एकदा विचारून तरी घ्या," सिंधूकाकू म्हणाल्या.

"सरकार म्हणालं म्हणून सूर्य लवकर उगवतो होय? मला वेळ शिकवू नकोस."

सोमवारी संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. ऐन वेळी कुणाचा फोन आडवा नको म्हणून दोघांच्याही फोनचे आवाज सहा वाजताच बंद केले. कौतुक बघायला गिरीशला सव्वासातला बोलावलं होतं. तो सात पंचवीसला आला.

"सॉरी काका, गाडी पंक्चर झाली."

"दहा मिनिटं लेट! हॅलिफॅक्सला असतास तर दारातूनच परत पाठवला असता."

गिरीश कसनुसा हसला आणि कोपऱ्यात बसला. साडेसातच्या ठोक्याला नीळकंठरावांनी लॅपटॉपवरून फोन लावला. पडद्यावर शाळेचा रिकामा व्हरांडा आणि मधुराचा रडवेला चेहरा.

"बाबा, तासापूर्वी होतं. किती फोन केले! ती स्टेजवर एकटी उभी राहिली."

नीळकंठरावांनी भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळाकडे पाहिलं; त्यात दहाच वाजले होते. जुई आईच्या हाताखालून पुढे आली. तीच त्यांची समजूत घालू लागली.

"आबा, वाईट नका वाटून घेऊ. मी टीचरना सांगितलं, आमचे आबा भोपाळचे आहेत, तिकडे सगळे लेटच येतात. तुम्हीच सांगता ना?"

लाज अशी वाटली की अंगावरचा सदराही नकोसा झाला. आयुष्यभर माणसांच्या नावापुढे खुणा केल्या, आणि त्यातलं पोरीनं नेमकं हेच उचललं. गिरीश सगळं ऐकत होता.

"नाही गं," नीळकंठराव म्हणाले. "भोपाळचे लोक चांगले आहेत. आबांनी तुझ्या आईचं ऐकलं नाही."

"मग मी टीचरना खोटं सांगितलं?"

"तू नाही, बाळा. मी."