खड्यातलं पाणी

मोरचुदाचा निळा खडा हातात आला की सांगलीची एक संध्याकाळ आठवते. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी मी, दुष्काळी माणातल्या मेंढपाळाचा मुलगा, तिथल्या कॉलेजात शिकत होतो. त्या दिवशी फळ्यावर मोरचुदाचं कॉपर सल्फेट हे शास्त्रीय नाव मी बरोबर लिहिलं, पण रेणुभार काढताना खड्यात मुरलेलं पाणी धरायचंच राहिलं. सर म्हणाले, "माणचा गडी आणि पाणीच विसरला!" सगळा वर्ग हसला. माझ्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे, त्यामुळे खाली मान घालून बसणं सोपं गेलं. संध्याकाळी नदीकाठच्या शेतात गेलो. माझ्या वडिलांनी, आबांनी, तिथं खतासाठी मेंढरं बसवली होती आणि एका मेंढीच्या कुजलेल्या खुराला ते मोरचूदच लावत होते. मी म्हणालो, "आबा, ह्या खड्यात पानी हाय." "वाळल्या खड्यात? कायबी सांगतूस!" मग मी पत्र्याच्या तुकड्यावर खडा तापवला. निळा रंग उडाला, पांढरी भुकटी उरली. तिच्यावर दोन थेंब पाणी टाकलं, तशी ती पुन्हा निळी झाली. आबा मात्र भुकटीकडं नाही, माझ्याकडं बघत होते. "हितं तुला कुनी बोलाय-चालाय हाय का रं?" त्यांनी विचारलं. "लय हायत," मी म्हणालो. सकाळी गेलो तर कळप पुढच्या गावाला निघून गेला होता, नुसत्या लेंड्यांचा वास मागे होता. पुढं मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, खड्यातलं पाणी पुन्हा कधी विसरलो नाही. पण माझं ते "लय हायत" आबांना खरं वाटलं का, हे विचारायचं राहून गेलं.