आत्याची कुजबुज

सुरतेत आमच्या उधन्याच्या गल्लीत एक भाजीवाली येते. ती "भेंडीऽ" ओरडली की भेस्तानपर्यंतचे कापडाचे लूम दचकून बंद पडतात. मला बहीण नाही, म्हणून मुलीच्या बारशाला आत्या म्हणून तिलाच बसवलं.

बायकोने मायरा नाव ठरवलं होतं. माझ्या आईचं नाव कौतिक; ते शाळेत पोरं चिडवतील म्हणून बाद झालं होतं. मी भाजीवालीला गुपचूप म्हटलं, "ताई, निदान बाळाच्या कानात तरी एकदा आईचं नाव सांगा."

"एकदाच का? दुकानात जुन्या साडीची डिझाइन नवी म्हणून खपवता ना भाऊ? मग नाव का नाही खपणार?"

रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले आणि ती पाळण्यात वाकून कुजबुजली, "कौतिक!"

तिचीच कुजबुज ती! चलथाणच्या उसातली पाखरं उडाली. रडणारी पोर मात्र गप्प होऊन खुदकन हसली. बायकोलाही हसू आवरेना. "अख्ख्या सुरतेला कळलं आता. राहू दे तेच!"

भाजीवालीचं नाव मी अजून विचारलेलं नाही. आम्हा सगळ्यांची ती आत्याच. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, पण रोज सकाळी रस्त्यावरून आत्या हाक मारते, "कौतिकबाईऽ!" आणि आमच्या घरातून "ओ" येते.