न्हाणीमागचा खड्डा

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पावण्याजवळच्या एका गावात मावशींची वाडी होती. मावशी म्हणजे वाडीच्या मालकीणबाई, नवऱ्यामागे एकहाती भाजी पिकवणाऱ्या. खाडीकाठी वसणाऱ्या नव्या शहरासाठी सरकार ती वाडी घेणार होतं, नोटीसही आली होती. आम्हाला पुरातत्त्व शिकवणारे सर एकदा बोलून गेले, की खाली काही प्राचीन निघालं तर मी वर लिहीन, वाडी वाचेलही. एवढ्या शब्दावर मावशींनी आम्हाला दोन दिवस खणायला दिले आणि दोन्ही वेळा तांदळाची भाकरी नि सुकट वाढली.

पहिला खड्डा मीटरभर लांब, मीटरभर रुंद. कालवांच्या शिंपल्या आणि कौलांचे तुकडे सोडून काही नाही. दुसरा दिवस उजाडला तशी माझी चिडचिड वाढली. मावशींनी बजावलं होतं, "कुठंपन खन पोरी, पन न्हानीमागं नको." का, ते सरांसमोर सांगेनात. मी तेव्हा वीस वर्षांची दीडशहाणी. नको म्हणतात तिथंच घबाड असणार, असं मी धरून चालले. मावशी टोपली घेऊन बाजाराला गेल्या आणि मी न्हाणीमागे दोरी ताणून खड्डा आखला.

"त्यांना विचारलंस?" सरांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. चक्क खोटं.

हातभर खाली खुरपं मडक्याला लागलं. तोंडावर चपटा दगड होता. मी तो काढला. आत काळी माती, एक सुपारी आणि भोकाचा पैसा. सरांनी पैसा पुसून त्यावरचं साल वाचलं, इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांतलं. तेवढ्यात मावशी परतल्या.

"माजे धाकल्या पोराची वार हाय ती," त्या म्हणाल्या.

मुलामागून पडते ती वार मडक्यात घालून न्हाणीमागे पुरायची, ती उघडी पडली तर मुलाला बाधते, हे तिथल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं. मला नव्हतं. त्यांचा तो मुलगा त्या वेळी कारखान्यात पाळीवर होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले.

मावशींनी टोपली उतरवली. "सायेब, हे जुनं हाय ना? वाडी ऱ्हाईल?"

"तीस-पस्तीस वर्षांचंच आहे, बाई," सर म्हणाले. "याला प्राचीन म्हणत नाहीत."

मावशी खड्ड्याच्या काठावर बसल्या. मग बोटानं जागा दाखवली. "ह्याचे बाजूला त्याच्या बापाची हाय. त्याचे पल्याड माजे सासऱ्याची. ती काढ पोरी. ती जुनी हाय."

सरांनी नाही म्हणायला हवं होतं, मीही. मी खुरपं उचललं. ऊन उतरेपर्यंत खणत राहिले, मावशी शेजारी बसून माती बाजूला सारत होत्या. सासऱ्यांचं मडकं निघालं. सरांनी तेही जुन्यात धरलं नाही.