अर्ध्यावर थांबणारी फाइल

आमच्या उदगीरच्या सेंटरला सिटी स्कॅनचं मशीन आहे, पण स्कॅन वाचणारा डॉक्टर नाही. आम्ही स्कॅन काढून लातूरच्या सर्व्हरवर पाठवायचा, तिथले डॉक्टर बघून फोन करणार, मग रिपोर्ट. बाहेरच्या बाकावरच्या माणसांना वाटतं, मशीनला सगळं कळतं आणि स्कॅन काढणारी ही बाईच मुद्दाम उशीर करते.

त्या दुपारी एक बाई आली. पदर चाकात जाऊन नवऱ्याच्या मोटारसायकलवरून पडलेली. चालत आली, टेबलावर झोपताना थंडी वाजते म्हणाली. स्क्रीनवर कवटीच्या आत पांढरा डाग दिसला. स्कॅन काढणाऱ्याने निदान सांगायचं नाही असा आमच्यात नियम आहे. तो गुंडाळून ठेवून मी बाहेर आले आणि म्हणाले, आत रक्त साचतंय, रिपोर्टची वाट बघू नका, लातूरला न्या.

नवऱ्याबरोबर तिचा थोरला दीरही आला होता. तो म्हणाला, "बोलायली की चांगली. बिगर रिपोर्टाचं नेलं तर तिथं पुन्हा पहिल्यापासून करायला लावतेत."

आमच्याकडे हातात रिपोर्ट असल्याशिवाय कुणी मोठ्या दवाखान्याची पायरी चढत नाही. शिवाय डॉक्टर नसलेल्या बाईचं कोण ऐकतो? नवरा भावाच्या तोंडाकडे बघत राहिला. भाऊ बाकावर बसला, तसा तोही बसला. आता लातूरहून डॉक्टरांचा शब्द येईपर्यंत ती हलणार नव्हती.

फाइल अर्ध्याच्या पुढे गेली आणि थांबली. पुन्हा पाठवली, पुन्हा थांबली. वायर काढून घातली, राउटर बंद करून चालू केला. डॉक्टरांच्या मोबाइलवर स्क्रीनचा फोटो पाठवला, पण काम करताना ते फोन बंद ठेवतात. लातूरला सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, आमच्याकडं सगळं ओके आहे, तुमचं नेट बघा. न बघताच म्हणाला. माझं डोकं फिरलं, पण भांडायला वेळ नव्हता.

एक छोटी फाइल पाठवून पाहिली. ती लगेच गेली. म्हणजे नेट ठीक, पासवर्ड ठीक. मोठी पुन्हा लावली आणि या वेळी नीट बघत बसले. ती आधीपेक्षा लवकर थांबली. पुढच्या वेळी त्याहून लवकर. तेव्हा उजेड पडला. तिकडच्या सर्व्हरवरची जागा संपत आली होती, आणि थांबलेल्या फाइलीचा अर्धा तुकडा तिथेच पडून राहत होता. मी एकटीच नव्हते. त्याच सर्व्हरवर पाठवणाऱ्या आसपासच्या सगळ्या सेंटरांवर आमच्यासारखेच लोक, गेली नाही की पुन्हा पाठव, एवढंच माहीत असलेले. सगळे मिळून तो सर्व्हर बुजवत होतो.

मधे बाहेर डोकावले तर ती बाकावर आडवी झाली होती. ओकली, असं सोबतचे म्हणाले. मी पुन्हा दिराला म्हटलं, न्या हो. तो म्हणाला, आता आलाच असंल की रिपोर्ट.

सर्व्हरवाल्याला परत फोन केला आणि आवाज चढवून म्हणाले, डिस्क उघडून बघा, आत्ता, मी फोन ठेवत नाही. त्याने बघितलं. भरलीय म्हणाला. तुकडे पुसले. फाइल एका दमात गेली आणि मला मूर्खासारखा आनंद झाला. पाठोपाठ डॉक्टरांचाच फोन आला. पेशंट अजून तिथं काय करतोय, असं ते ओरडलेच.

मी धावत बाहेर गेले. बाकाभोवती सगळे चिडीचूप उभे होते. तिच्या अंगावर शाल होती. हाका मारल्या, हलवलं, चिमटा काढला. एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, म्हणजे आत साचलेल्या रक्ताने मेंदू दाबला गेला होता. अॅम्ब्युलन्स आली, पण लातूरच्या वाटेवर, नळेगावच्या अलीकडेच तिने जीव सोडला.

काही दिवसांनी नवरा एकटाच स्कॅनची फिल्म न्यायला आला. मी दिली. तो गेला नाही, काउंटरपाशीच उभा राहिला. दिरावरचा, सर्व्हरवाल्यावरचा सगळा राग माझ्या जिभेवर होता. त्याने कुणाचं नावच काढलं नाही.

"ताई, तिचा डोळा लागला, मला बरं वाटलं," तो म्हणाला. "समद्यांला मीच गप बसवलो. झोपू द्या म्हनलो तिला."